वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील आंतरराष्ट्रीय मानके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांना पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत क्वालिटी, प्रॉडक्शन किंवा परचेस सांभाळणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. भर आयएटीएफ १६९४९ वर आहे, कारण बाकीची बहुतेक मानके त्याच्याच आधाराने वापरली जातात. कंपन्या खरोखर जिथे अडखळतात, तिथे उत्तर लांबले आहे.

आयएटीएफ १६९४९ हे नेमके काय आहे?

वाहन उद्योगाच्या पुरवठादारांसाठी असलेले क्वालिटी मॅनेजमेंट सिस्टिमचे मानक. ते इंटरनॅशनल ऑटोमोटिव्ह टास्क फोर्स, म्हणजेच आयएटीएफ, या गटाने तयार केले. बीएमडब्ल्यू, फोर्ड, जनरल मोटर्स, मर्सिडीज-बेंझ, रेनो, स्टेलांटिस, फोक्सवॅगन असे वाहन उत्पादक आणि अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, इटली, ब्रिटन इथल्या उद्योग संघटना या गटात आहेत.

त्याआधीची परिस्थिती पुरवठादारांना फार जाचक होती. अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांनी १९९४ मध्ये क्यूएस-९००० आणले होते. जर्मनीत व्हीडीए ६.१, फ्रान्समध्ये ईएक्यूएफ आणि इटलीत एव्हीएसक्यू चालत होते. एकच कारखाना, एकच मशीन, पण ग्राहक बदलला की ऑडिटची प्रश्नावली बदलायची. ही सगळी ओझी एकत्र करून १९९९ मध्ये आयएसओ/टीएस १६९४९ आले. २००२ आणि २००९ मध्ये ते सुधारले गेले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये आजचे आयएटीएफ १६९४९ प्रसिद्ध झाले.

आमच्याकडे आयएसओ ९००१ आहे. मग हे वेगळे का?

आयएटीएफ १६९४९ एकटे वापरता येत नाही. आयएसओ ९००१:२०१५ या कोणत्याही उद्योगाला चालणाऱ्या क्वालिटी मानकातली प्रत्येक अट त्यात गृहीत धरलेली आहे आणि त्याच कलमांखाली वाहन उद्योगाच्या जादा अटी जोडलेल्या आहेत. म्हणून टेबलावर दोन्ही पुस्तके हवीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयएसओ ९००१ मध्ये एक छोटी दुरुस्ती झाली. हवामान बदल हा तुमच्या संस्थेसाठी संबंधित मुद्दा आहे का, हे आता कलम ४.१ खाली ठरवावे लागते.

फरक मुख्यतः खोलीचा आहे. मोजमापाची साधने योग्य असावीत, एवढे आयएसओ ९००१ सांगते. आयएटीएफ विचारते की कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कशाने आणि किती वेळा तपासायचे याचा तक्ता) लिहिलेल्या प्रत्येक प्रकारच्या मोजमाप पद्धतीचा एमएसए अभ्यास (ती पद्धत कितपत भरवशाची याची तपासणी) कुठे आहे. जोखमीचा विचार करा, असे आयएसओ ९००१ म्हणते. आयएटीएफला एफएमईए (काय बिघडू शकते, का आणि ते कसे रोखायचे याचा तक्ता), कंटिन्जन्सी प्लॅन (आणीबाणीत पुरवठा चालू ठेवण्याची योजना), प्रॉडक्ट सेफ्टीची कागदोपत्री पद्धत आणि रिकॉलमधून शिकलेले धडे हवे असतात.

हे सर्टिफिकेट कोणाला मिळू शकते?

ग्राहकाने ठरवून दिलेले पार्ट जिथे प्रत्यक्ष तयार होतात, त्या जागेला. मग ते गाडी बनवताना लागणारे असोत, सर्व्हिससाठीचे असोत किंवा ॲक्सेसरी असोत. फक्त ट्रेडिंग, साठवण किंवा वाहतूक करणाऱ्या कंपनीला ते मिळत नाही. डिझाइन ऑफिस, मुख्य कार्यालय, वेगळ्या जागी असलेले परचेस खाते यांना स्वतंत्र सर्टिफिकेट नसते, पण कारखान्याला आधार देणारी कार्यालये म्हणून त्यांचेही ऑडिट होते. वाहन उत्पादकाच्या मागणीशिवाय स्वतःच्या ब्रँडखाली खुल्या बाजारासाठी बनवलेले सुटे भाग या चौकटीत बसत नाहीत.

नव्या कंपनीला साधारण १२ महिन्यांचा कामगिरीचा डेटा, अंतर्गत ऑडिटचे पूर्ण चक्र आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू दाखवावा लागतो. त्यामुळे "तीन महिन्यांत सर्टिफिकेट" असे सांगणारा सल्लागार भेटला, तर त्याला याच अटीबद्दल विचारा.

ड्रॉइंग ग्राहकाचे आहे. मग डिझाइनचे कलम वगळता येईल का?

प्रॉडक्ट डिझाइनपुरते येईल, तेही ती जबाबदारी खरोखर तुमची नसेल तर. आयएटीएफमध्ये वगळण्याची मुभा फक्त एवढीच आहे. प्रोसेस डिझाइन मात्र कोणालाही वगळता येत नाही. कोणत्या मशीनवर, कोणत्या क्रमाने, कोणत्या फिक्स्चरमध्ये आणि कोणत्या फीडने पार्ट बनवायचा हे तुम्हीच ठरवता, तेव्हा कलम ८.३ मधला तो भाग तुम्हाला पूर्ण लागू आहे.

ग्राहकाच्या खास अटी किती महत्त्वाच्या?

मानकाइतक्याच. प्रत्येक मोठा ग्राहक स्वतःच्या खास अटींचे पुस्तक काढतो आणि ऑडिटर ते तपासतो. हीट ट्रीटमेंटसाठी सीक्यूआय-९, प्लेटिंगसाठी सीक्यूआय-११, कोटिंगसाठी सीक्यूआय-१२, वेल्डिंगसाठी सीक्यूआय-१५ अशी स्वमूल्यांकने बहुतेक वेळा याच वाटेने कारखान्यात येतात. एक तक्ता करा: उभ्या रांगेत ग्राहक, आडव्या रांगेत मानकाची कलमे, चौकटीत अट आणि ती कोणत्या पद्धतीत उतरवली त्याचा नंबर. नवी आवृत्ती आली की तक्ता बदलायचा. हे काम एका ठरावीक माणसाकडे असू द्या. सगळ्यांची जबाबदारी म्हटली की ती कोणीच घेत नाही.

छापील २०१६ च्या पुस्तकावरही विसंबू नका. ऑक्टोबर २०१७ पासून आयएटीएफ अधिकृत अर्थनिर्णय प्रसिद्ध करत आली आहे आणि त्यांनी बऱ्याच कलमांचे शब्द बदलले आहेत. ऑडिट बदललेल्या शब्दांवर होते.

कोअर टूल्स म्हणजे कोणती आणि ती एकमेकांशी कशी जोडायची?

एपीक्यूपी (नव्या पार्टचे क्वालिटी नियोजन), पीपीएपी (उत्पादनाआधी पार्टला ग्राहकाची मंजुरी घेणे), एफएमईए, एमएसए आणि एसपीसी (आकडेवारीने प्रोसेसवर लक्ष ठेवणे) ही पाच. शिवाय कंट्रोल प्लॅन, जो पूर्वी एपीक्यूपीच्या पुस्तकातच होता; २०२४ मध्ये एआयएजी या अमेरिकी वाहन उद्योग संघटनेने त्याचे वेगळे पुस्तक काढले. नावे सगळ्यांना पाठ असतात. ती एकमेकांशी जुळतात का, हे फार थोड्या ठिकाणी पाहिले जाते, आणि माझ्या मते संपूर्ण मानकाचा जीव याच जुळणीत आहे.

एक उदाहरण जवळून बघू. बुशचा बोअर, म्हणजे आतले भोक, आहे, ड्रॉइंगवर १२ एच७. म्हणजे १२.००० ते १२.०१८ मिलिमीटर, एकूण टॉलरन्स फक्त १८ मायक्रॉन. ग्राहकाने या मापाला स्पेशल कॅरॅक्टरिस्टिकचे चिन्ह दिले आहे, कारण बोअर लहान झाला तर शाफ्ट अडकेल. शेवटचे ऑपरेशन रीमिंगचे, म्हणजे रीमर या टूलने भोक अचूक मापाला आणण्याचे, आहे. रीमर झिजला की भोक हळूहळू लहान होत जाते.

हे चिन्ह ड्रॉइंगवरून प्रोसेस फ्लोमध्ये यायला हवे. मग पीएफएमईएमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या एफएमईएमध्ये, "बोअर लहान" हा बिघाड, "रीमर झिजला" हे कारण आणि ते रोखायला टूल लाइफची मर्यादा. त्यानंतर कंट्रोल प्लॅनमध्ये एक ओळ: एअर गेज, दर दोन तासांनी पाच नग, एसपीसी चार्ट, आणि माप बाहेर गेले तर काय करायचे याची रिॲक्शन. शेवटी मशीनवर लावलेल्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये तीच वारंवारता, तेच गेज, तीच रिॲक्शन.

आता ऑडिटर काय करतो? तो मशीनपाशी उभा राहून ऑपरेटरला विचारतो, "रीमर कधी बदलता?" उत्तर येते, "गो गेज जड जायला लागला की." पीएफएमईएमध्ये लिहिलेले असते, ठरावीक नगांनंतर. कंट्रोल प्लॅनमध्ये टूल लाइफचा उल्लेखच नसतो. तीन ठिकाणी तीन गोष्टी. ऑपरेटरची यात काही चूक नाही, तो त्याच्या अनुभवाने बरोबरच काम करतो आहे. चूक आहे ती कागद टेबलावर बसून भरणाऱ्यांची, कारण त्याचे ज्ञान एफएमईएपर्यंत पोहोचलेच नाही. एफएमईएच्या बैठकीत सेटर आणि ऑपरेटर असलेच पाहिजेत, हे मी फार आग्रहाने सांगतो.

आरपीएन आता चालत नाही का?

२०१९ मध्ये एआयएजी आणि जर्मनीची व्हीडीए या संघटनांनी मिळून एफएमईएचे नवे पुस्तक काढले आणि आरपीएनच्या (तीव्रता, शक्यता आणि पकडण्याची अडचण या तीन गुणांचा गुणाकार) जागी ॲक्शन प्रायॉरिटी (उच्च, मध्यम, कमी असा अग्रक्रम) आली. ग्राहक कोणती पद्धत मागतो ते त्याच्या खास अटींत बघा.

बदलाचे कारण आकड्यांतच दिसते. समजा एका बिघाडाची तीव्रता १०, घडण्याची शक्यता २, पकडण्याची अडचण ७. गुणाकार १४०. दुसऱ्याची तीव्रता ४, शक्यता ५, अडचण ७. तोही १४०. पहिल्यात माणसाचा जीव जाऊ शकतो, दुसऱ्यात ग्राहकाला थोडी गैरसोय होते, आणि आरपीएनच्या नजरेत दोन्ही सारखेच. नव्या तक्त्यात पहिला "उच्च" येतो, दुसरा "मध्यम". "१०० च्या खाली असेल तर काही करायचे नाही" ही जुनी सवय धोकादायक होती. आकडा ९८ वर आणून ठेवण्यासाठी अडचणीचा गुण एकाने कमी करण्याचा मोह तिने अनेक बैठकींत निर्माण केला.

पीपीएपी कधी द्यायचे आणि त्यात काय असते?

नवा पार्ट, ड्रॉइंगमधला बदल, नवे किंवा बदललेले टूलिंग, उत्पादनाची जागा बदलणे, मटेरियलचा किंवा सब-सप्लायरचा बदल, १२ महिने किंवा जास्त बंद असलेले टूल पुन्हा सुरू करणे अशा प्रसंगी ग्राहकाला कळवावे लागते किंवा सादर करावे लागते. पीपीएपीच्या चौथ्या आवृत्तीत १८ घटक आणि ५ लेव्हल (ग्राहकाला किती पुरावे सादर करायचे त्याच्या पातळ्या) आहेत. ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल तर लेव्हल ३ धरायची.

यातली सगळ्यात मोलाची अट कागदाची नाही. नमुने खऱ्या उत्पादनातून यायला हवेत: नेहमीचे मशीन, नेहमीचे टूल, नेहमीचा ऑपरेटर, नेहमीचा वेग. ग्राहकाने दुसरे काही ठरवले नसेल तर एक ते आठ तासांचे उत्पादन आणि सलग किमान ३०० नग. टूल रूममध्ये हाताने सांभाळून केलेले पाच नग दाखवून मंजुरी घेतली, तर ती मंजुरी प्रोसेसबद्दल काहीच सांगत नाही.

सीपीके किती हवा? आणि जीआरआर?

सीपीके म्हणजे प्रोसेस टॉलरन्सच्या आत किती आरामात बसते याचा निर्देशांक. पीपीएपीच्या वेळी प्रारंभिक अभ्यासात तो १.६७ च्या वर असावा. १.३३ ते १.६७ मध्ये असेल तर ग्राहकाशी बोलावे लागते. १.३३ खाली असेल तर स्वीकारार्ह नाही, आणि सुधारणा होईपर्यंत सहसा शंभर टक्के तपासणीचा बदललेला कंट्रोल प्लॅन द्यावा लागतो. प्रोसेस स्थिर, मधोमध आणि सामान्य वितरणाची असेल तर सीपीके १.०० म्हणजे दहा लाखांत सुमारे २,७०० नग मापाबाहेर. १.३३ ला तो आकडा साठ-पासष्टच्या आसपास येतो. १.६७ ला एकाहूनही कमी.

पण "स्थिर" हा शब्द विसरू नका. कंट्रोल चार्टवर बिंदू मर्यादेबाहेर पळत असतील तर सीपीकेचा आकडा निरर्थक आहे. आधी चार्ट, मग सीपीके.

जीआरआरचा, म्हणजे मोजण्याच्या पद्धतीमुळेच मापात किती फरक पडतो याचा, नियम सोपा आहे. १० टक्क्यांखाली चांगले, १० ते ३० मध्ये वापरावर आणि खर्चावर अवलंबून, ३० च्या वर नको. वरच्या बुशच्या बोअरला १० मायक्रॉन लीस्ट काउंटचे उपकरण लावले तर १८ मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये जेमतेम एक-दोन पायऱ्या मिळतात. टॉलरन्सच्या दहाव्या भागाच्या नियमाने तिथे २ मायक्रॉनपेक्षा बारीक वाचणारे गेज हवे. अभ्यास करण्याआधी एवढा हिशेब केला तर एक आख्खा दिवस वाचतो.

ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त घसरतो ते कुठे?

बदलांमध्ये. नियमित चाललेले काम सहसा ठीक असते. टूल बदलले, शिफ्ट बदलली, सेन्सर बंद पडला, मटेरियलचा लॉट बदलला, ग्राहकाचे नवे ड्रॉइंग आले, की भेगा दिसतात.

मानकाला हे माहीत आहे, म्हणून त्यात बदलावर एकामागून एक कलमे आहेत. ग्राहकाचा इंजिनिअरिंग बदल मिळाल्यावर त्याचा आढावा १० कामकाजाच्या दिवसांत व्हावा. पोकायोके (चूक होऊच न देणारी व्यवस्था) किंवा कंट्रोल तात्पुरता बंद ठेवावा लागला तर पर्यायी पद्धत आधीच ठरलेली, मंजूर आणि लिहिलेली असावी, आणि नेहमीचा कंट्रोल परत सुरू झाल्यावर पडताळणी व्हावी. प्रत्येक सेटअपनंतर पडताळणी. बंद पडलेली लाइन पुन्हा सुरू केल्यावरही पडताळणी.

हे एवढे कडक का, याचे उत्तर जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचमध्ये आहे. काही गाड्यांत तो स्विच हलक्या धक्क्याने "ऑफ"कडे सरकायचा. इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद, आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसे. २००६ मध्ये स्विचच्या आतल्या भागात सुधारणा झाली, पण पार्ट नंबर तोच ठेवला गेला. पुढे तपास करणाऱ्यांसमोर जुने आणि नवे स्विच एकाच नंबराने येत राहिले, आणि काही वर्षांपर्यंतच्याच गाड्यांत बिघाड का दिसतो याचा उलगडा होईना. रिकॉल २०१४ मध्ये झाला, सुरुवातीच्या टप्प्यात सुमारे २६ लाख गाड्यांचा. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. बदल चांगला होता. त्याची नोंद आणि ओळख नव्हती.

म्हणून बदलाच्या फॉर्मवर सही करताना दोन प्रश्न स्वतःला विचारा. या तारखेआधीचे आणि नंतरचे नग वेगळे ओळखता येतील का? आणि ग्राहकाला कळवले आहे का?

रिवर्क आणि रिपेअर यात फरक काय?

रिवर्क केल्यावर नग ड्रॉइंगप्रमाणे पूर्ण बरोबर होतो. रिपेअर केल्यावर तो वापरण्यायोग्य होतो, पण ड्रॉइंगप्रमाणे नसतो. रिवर्कआधी एफएमईएसारख्या पद्धतीने जोखीम तपासायची आणि ग्राहकाची अट असेल तर मंजुरीही आधी घ्यायची. रिपेअरला ग्राहकाची मंजुरी लागतेच. दोन्हींसाठी लिखित सूचना, पुन्हा तपासणी आणि ट्रेसेबिलिटी (नगाचा मागोवा) हवी.

स्क्रॅपची अट बरेच जण वाचतच नाहीत: टाकाऊ नग बाहेर देण्याआधी वापरता येणार नाही असा करायचा. कापा, चेपा, भोक पाडा. नाकारलेला ब्रेकचा पार्ट भंगारातून उचलून कोणी पुन्हा विकला, तर तो बसवणाऱ्याला काही कळणार नाही.

अंतर्गत ऑडिट तीन प्रकारचे का?

सिस्टिम ऑडिट पद्धती बघते. मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेस ऑडिट लाइनवर उभे राहून एफएमईए, कंट्रोल प्लॅन आणि प्रत्यक्ष काम जुळते का ते बघते. प्रॉडक्ट ऑडिट तयार नग घेऊन माप, पॅकिंग, लेबल तपासते. प्रोसेस ऑडिट सगळ्या शिफ्टमध्ये व्हावे आणि शिफ्ट बदलतानाचे हस्तांतरणही त्यात यावे, असे मानक स्पष्ट सांगते. रात्रपाळीत एकही अंतर्गत ऑडिट न केलेली कंपनी बाहेरच्या ऑडिटरला पहिल्याच रात्री सापडते, कारण त्यालाही सगळ्या शिफ्ट बघाव्याच लागतात.

ऑडिटरच्या पात्रतेची पण अट आहे. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा कागद पुरत नाही. त्याला कोअर टूल्स, ग्राहकाच्या अटी आणि प्रोसेस ऑडिटसाठी त्या प्रोसेसचे तांत्रिक ज्ञान हवे.

एनसी आली तर काय होते?

एनसी म्हणजे अट पाळली गेली नाही अशी ऑडिटरने केलेली नोंद. मेजर आणि मायनर, दोन प्रकार. दोन्हींना मूळ कारण आणि सुधारणेसह ठरलेल्या मुदतीत, साधारण ६० दिवसांत, उत्तर द्यावे लागते. मेजरमध्ये तातडीची रोकथाम त्याच्या खूप आधी दाखवावी लागते आणि ऑडिटर सहसा पुन्हा जागेवर येऊन बघतो. सर्टिफिकेशनचे नियम वेगळ्या पुस्तकात आहेत. त्याची सहावी आवृत्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आहे, मुदतीसाठी तीच बघा.

उत्तर नाकारले जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे "ऑपरेटरला प्रशिक्षण दिले" हे वाक्य. माणूस विसरला हे कारण झाले नाही. तो विसरू शकतो अशी जागा सिस्टिमने का ठेवली, हे कारण आहे. समजा कॅलिब्रेशनची तारीख उलटलेले गेज लाइनवर सापडले. ते काढून नवे ठेवले ही झाली दुरुस्ती. ते रॅकमधून लाइनवर जाताना कोणीच तारीख बघत नाही, हे झाले कारण. तारीख उलटलेले गेज इश्यू होणारच नाही अशी व्यवस्था ही झाली सुधारणा. आणि त्या गेजने तपासून पाठवलेल्या मालाचे काय, हा प्रश्न तर सगळ्यात आधी. ८डी या तक्रार सोडवण्याच्या आठ टप्प्यांच्या पद्धतीतला तिसरा टप्पा त्यासाठीच आहे: स्टोअरमधला, वाटेतला आणि ग्राहकाच्या लाइनवरचा माल.

कंटिन्जन्सी प्लॅन खरोखर लागतो का?

लागतो. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या आयसिन कंपनीच्या कारिया कारखान्याला आग लागली. ब्रेकमध्ये लागणारा पी-व्हॉल्व्ह हा छोटा पार्ट टोयोटा जवळजवळ सगळा तिथूनच घेत होती. साठा काही तासांचा होता. टोयोटाच्या लाइन थांबल्या, आणि इतर पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह करून द्यायला सुरुवात केली तेव्हाच त्या पुन्हा हलल्या.

पंचवीस वर्षांनी कारण बदलले. कोजिमा इंडस्ट्रीज या पुरवठादारावर सायबर हल्ला झाला आणि १ मार्च २०२२ रोजी टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने, २८ लाइन एक दिवस बंद राहिल्या. आयएटीएफच्या कलम ६.१.२.३ मध्ये आग, वीज, मनुष्यबळ, महत्त्वाचे मशीन यांच्याबरोबर आयटी यंत्रणेवरचा हल्लाही आहे. प्लॅन ठरावीक काळाने तपासून बघायचा आहे आणि वर्षातून किमान एकदा त्याचा आढावा घ्यायचा आहे. सर्व्हर बंद करून, बॅकअपवरून एक डिस्पॅच नोट छापून बघा. तेवढ्यात बरेच काही कळते.

व्हीडीए ६.३ आणि आयएटीएफ यांतले काय निवडायचे?

निवड करायची नसते. आयएटीएफ हे सिस्टिमचे सर्टिफिकेट आहे, तर व्हीडीए ६.३ हे जर्मन वाहन उद्योगाचे प्रोसेस ऑडिट आहे आणि त्यात गुण मिळतात: ९० टक्के किंवा जास्त म्हणजे ए, ८० ते ९० बी, त्याखाली सी. शिवाय काही महत्त्वाच्या प्रश्नांत गुण कमी पडले तर एकूण टक्के कितीही असोत, श्रेणी खाली येते. सध्याची आवृत्ती २०२३ ची. जर्मन ग्राहक हवा असेल तर आपल्याकडे प्रशिक्षित ऑडिटर तयार ठेवा.

टिसॅक्स, आयएसओ २६२६२, आयएसओ/एसएई २१४३४: यांतले आम्हाला काय लागू?

तुमच्याकडे ग्राहकाची गोपनीय ड्रॉइंग, प्रोटोटाइप किंवा डेटा असेल तर टिसॅक्स. ही ईएनएक्स असोसिएशनची माहिती सुरक्षेच्या मूल्यांकनाची व्यवस्था आहे. प्रश्नावली व्हीडीएची असते आणि लेबल तीन वर्षे टिकते. त्यात सर्टिफिकेट भिंतीवर लावायचे नसते, निकाल पोर्टलवरून निवडक ग्राहकांना दाखवायचा असतो.

पार्टमध्ये इलेक्ट्रॉनिक्स किंवा सॉफ्टवेअर असेल तर आयएसओ २६२६२ बघा. बिघाडामुळे अपघात होऊ नये, हा त्याचा विषय आहे आणि धोक्याची पातळी एएसआयएल ए ते डी अशी मोजतात. आयएसओ/एसएई २१४३४ हे २०२१ चे मानक गाडीच्या सायबर सुरक्षेचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५५ मुळे युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेची मंजुरी लागते. वाहन उत्पादक ती जबाबदारी खाली पुरवठादारांकडे सरकवतो. नुसता प्रेस पार्ट किंवा फोर्जिंग करणाऱ्याला २६२६२ ची गरज सहसा पडत नाही.

आयएसओ १४००१ आणि ४५००१ सक्तीचे आहेत का?

आयएटीएफ ते मागत नाही. ग्राहक मात्र बहुधा मागतात. पर्यावरणासाठी १४००१, कामगारांच्या सुरक्षिततेसाठी २०१८ मध्ये आलेले ४५००१, ऊर्जेसाठी ५०००१. सगळ्यांची रचना आयएसओ ९००१ सारखीच असल्याने कागदपत्र नियंत्रण, अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू एकत्र चालवता येतात. वेगवेगळ्या चार सिस्टिम उभ्या करून लोकांना दमवू नका.

आमचे व्हेंडर फार छोटे आहेत. त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

ग्राहकाने सवलत दिली नसेल तर किमान आयएसओ ९००१ चे सर्टिफिकेट, आणि पुढे जाऊन आयएटीएफ हे ध्येय. वाट मात्र जोखमीप्रमाणे ठरवा. स्प्रिंगचे हीट ट्रीटमेंट करणारा आणि पुठ्ठ्याची खोकी देणारा एकाच तागडीत तोलायचे नाहीत. छोट्या व्हेंडरकडे वर्षातून एकदा चेकलिस्ट घेऊन जाण्यापेक्षा त्याच्या कंट्रोल प्लॅनची एक ओळ त्याच्याबरोबर मशीनवर बसून नीट करा. तुमचे रिजेक्शन त्यानेच कमी होईल.

रेकॉर्ड किती वर्षे ठेवायचे?

पीपीएपी, टूलिंग, डिझाइन आणि ऑर्डर-करारांचे रेकॉर्ड पार्ट उत्पादनात किंवा सर्व्हिसमध्ये चालू आहे तोपर्यंत आणि त्यानंतर एक कॅलेंडर वर्ष. ग्राहकाचा किंवा कायद्याचा नियम यापेक्षा जास्त असेल तर तो.

सुरुवात कुठून करू?

एका पार्टपासून. ज्याची तक्रार सर्वांत जास्त येते तो घ्या. ड्रॉइंग, फ्लो, पीएफएमईए, कंट्रोल प्लॅन आणि वर्क इन्स्ट्रक्शन हातात घेऊन मटेरियल उतरते तिथपासून डिस्पॅचपर्यंत चाला. बरोबर त्या लाइनचा सुपरवायझर आणि सेटर घ्या. जिथे कागद आणि काम वेगळे दिसेल तिथे थांबा, काम करणाऱ्याला तो तसे का करतो ते विचारा आणि बरोबर काय ते ठरवून त्याच दिवशी दुरुस्त करा. कधी कागद बदलेल, कधी काम. मग हाच पार्ट दुसऱ्या दिवशी रात्रपाळीत बघा.

मालकांनी किंवा प्लांट हेडनी यातली किमान एक फेरी स्वतः करावी. मॅनेजमेंट रिव्ह्यूत मग "गेज बदलायला दोन महिने का लागतात" असा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो आणि त्याचे पैसेही त्याच बैठकीत मंजूर होतात.